कोळसुंद्याची अपकीर्ती

वाघाने सांबर मारले म्हणजे ती शिकार आणि रानकुत्र्यांनी मारले म्हणजे ती कत्तल, असा एक अलिखित दंडक शिकारकथांत, जंगलखात्याच्या जुन्या दप्तरांत आणि पुढे सुशिक्षितांच्या सहज बोलण्यातही दीर्घकाळ चालत आला आहे. सांबर दोन्ही प्रसंगी मरतेच. पण मारणाऱ्यांपैकी एकाच्या वाट्याला वनराजपद येते आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिव्याशाप. हिंस्र पशूंच्या क्रौर्याविषयीची आपली समजूत कशी घडत गेली, हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने वाघसिंहांच्या भव्य आख्यायिकांच्या वाटेला न जाता, १२ ते २० किलो वजनाच्या, तांबूस अंगाच्या आणि काळ्या झुपकेदार शेपटीच्या या प्राण्याची अपकीर्ती तपासावी. कारण ती कोणी, कधी आणि कोणत्या हेतूने रचली याचा माग येथे बऱ्याच अंशी लागतो.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर त्याला कोळसुंदा म्हणतात, विदर्भात रानकुत्रा. या मुलखांतील माणसांना त्याचे भय नव्हते असे नाही, परंतु ते स्वतःच्या जिवाचे नव्हते. कोळसुंदे माणसावर धावून आल्याची विश्वसनीय उदाहरणे जवळजवळ नाहीतच, आणि ही गोष्ट गुराख्यांना प्राणिशास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी ठाऊक असली पाहिजे. त्यांना कोडे पडे ते निराळेच: एवढासा प्राणी आपल्या दहापट वजनाच्या सांबराला लोळवतो तरी कसा? लोकसमजुतीने त्याचे उत्तर शोधून ठेवले होते. कोळसुंदा आपले शेपूट मूत्राने भिजवतो आणि ते सावजाच्या डोळ्यांवर झटकून त्याला आंधळे करतो, असे सांगत. समजूत खोटी आहे. पण तिच्यात निंदा नाही, एका अवघड कसबाविषयीचे कुतूहल आहे. शिवाय नीलगिरीतील कुरुंबांसारखे वनवासी लोक कोळसुंद्यांना ताज्या सावजावरून हुसकावून मांस घरी आणीत, आणि टोळीही फारशी खळखळ न करता मागे सरे. ज्याच्या मेहनतीवर आपली चूल पेटते, त्याला राक्षस म्हणण्याची कोणाला गरज भासत नाही.

विज्ञानाच्या वहीत दख्खनच्या या प्राण्याची नोंद झाली ती १८३१ साली, आणि ती करणारा गृहस्थ मराठी इतिहासाला अगदीच परका नाही. विल्यम हेन्री साइक्स हा खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढलेला कंपनीचा लष्करी अंमलदार. पुढे मुंबई सरकारच्या वतीने आकडेवारी गोळा करण्याच्या निमित्ताने त्याने दख्खनचा मुलूख पालथा घातला, आणि येथील पशुपक्ष्यांच्या ज्या याद्या लंडनच्या प्राणिशास्त्रीय मंडळाकडे धाडल्या, त्यांत मराठे ज्याला ‘कोळसून’ म्हणतात तो हा रानकुत्रा त्याने दख्खनचे नाव जोडून दाखल केला. पीटर पालास याने १८११ मध्येच आशियाच्या उत्तरेकडील याच जातीचे वर्णन केलेले असल्यामुळे साइक्सचे शास्त्रीय नाव टिकले नाही. त्यानंतर नेपाळात राहून अभ्यास करणाऱ्या ब्रायन हॉजसनने १८३८ मध्ये त्याला कुत्र्यालांडग्यांपासून अलग काढून स्वतंत्र प्रजातीत बसवले. त्याच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस दाढा तीनऐवजी दोनच असतात, ही त्याची एक मोठी खूण. या साऱ्या खटाटोपात मापे होती, रंग होते, दात होते. न्यायनिवाडा अद्याप नव्हता.

तो सुरू झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८६४ मध्ये जंगलखाते स्थापन झाले, पाठोपाठ राखीव जंगले आखली गेली, शिकारीचे परवाने निघाले, आणि जे चितळ-सांबर काल रानाचे होते ते आज सरकारच्या व सरकारच्या पाहुण्यांच्या मालकीचे ठरले. मालकी आली की चोर येतो. जंगलातील प्रत्येक मांसाहारी पशू हा शिंगांच्या या सरकारी ठेव्यावरचा दरोडेखोर ठरला आणि त्याच्या नावाने इनाम लागले. कातडे पुरावा म्हणून कचेरीत हजर करावे आणि खजिन्यातून रोख रक्कम घेऊन जावे, अशी ती व्यवस्था. इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी नोंदींवरून काढलेल्या अंदाजाप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सुमारे ८०,००० वाघ, दीड लाख बिबळे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. इनाम वाघावरही होते, हे येथे विसरता कामा नये. परंतु वाघाचे कातडे दिवाणखान्याच्या भिंतीवर चढत असे, त्याच्या छातीवर पाय ठेवून छायाचित्र निघत असे, आणि ज्याला मारल्याने आपला मोठेपणा वाढतो त्याचा मोठेपणा आधी मान्य करावाच लागतो. कोळसुंद्यापाशी आयाळ नाही, पट्टे नाहीत. त्याला मारून कोणाची कीर्ती झाली नाही. म्हणून वाघाच्या वाट्याला वैर आणि आदर असे दोन्ही आले, कोळसुंद्याच्या वाट्याला केवळ तिरस्कार.

त्या तिरस्काराला एक नैतिक पोशाखही चढवण्यात आला. तो टोळीने येतो, एकट्या जनावराला अनेक जण घेरतात, ते थकेपर्यंत पाठलाग करतात आणि पुरते मरण्याआधीच खाऊ लागतात. तस्मात तो भेकड, खुनशी आणि खेळाचे नियम न पाळणारा, असा हा आरोप होता. तो करणारे साहेब आणि संस्थानिक स्वतः शे-दीडशे हाकाऱ्यांकडून रान उठवून मचाणावर बंदूक घेऊन बसत किंवा हत्तींचा वेढा घालून वाघाला कोंडीत धरत, हे त्यांच्यापैकी कोणाच्या कसे लक्षात आले नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. फिर्यादी आणि प्रतिस्पर्धी एकच असला म्हणजे फिर्याद अशीच लिहिली जाते.

या फिर्यादीला अक्षर साहित्याचे रूप दिले रुडयार्ड किपलिंगने. १८९५ च्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये दख्खनहून उत्तरेकडे निघालेली रानकुत्र्यांची प्रचंड झुंड सिवनीच्या रानावर चालून येते, ती येताना वाघही वाट सोडतो, आणि शेवटी मोगली तिला वैनगंगेच्या कड्यांवरील मधमाश्यांच्या तोंडी देतो. कथा म्हणून ती अप्रतिम आहे. पण तिच्यातील एक गंमत मराठी वाचकाने, ज्याच्या भंडारा जिल्ह्यातून हीच वैनगंगा वाहते, जरूर पाहावी. ज्या लांडग्यावर त्याच काळी सरकारी इनाम होते आणि मुले पळवणारा म्हणून ज्याची ख्याती होती, त्याला किपलिंगने कायदेकानू पाळणारा, सभा भरवणारा नागरिक केले, आणि कोळसुंद्याला दक्षिणेकडून येणाऱ्या रानटी आक्रमकाची भूमिका दिली. दोघेही कळपाने राहतात, दोघेही पाठलाग करून मारतात. सज्जन कोण आणि दुर्जन कोण हे पशूंच्या वर्तनाने ठरलेच नाही, लेखकाने ठरवले. किपलिंग सिवनीच्या त्या रानात स्वतः कधी गेला नव्हता, असे त्याचे चरित्रकार सांगतात.

पुढील बदल घडला तो कोणाच्या अंतःकरणाला पाझर फुटला म्हणून नव्हे. काही माणसे बंदूक खाली ठेवून वही घेऊन बसली, एवढेच. अलास्कात अडॉल्फ म्यूरी यांनी लांडग्यांचे निरीक्षण करून १९४४ मध्ये ग्रंथ लिहिला आणि लांडग्यांच्या तोंडी प्रामुख्याने दुबळी, म्हातारी व कोवळी मेंढरे पडतात, हे दाखवले. हान्स क्रूक यांनी गोरोंगोरोच्या विवरात रात्रीमागून रात्री जागून तरसांचा पिच्छा पुरवला, आणि आयत्या मांसावर जगणारा म्हणून हिणवले गेलेले तरस बहुतांशी स्वतःच शिकार करते व कित्येकदा वनराज सिंहच ती त्याच्याकडून हिसकावतो, हे १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्याकडे नीलगिरीत वकिली करणारे ई. आर. सी. दाविदार आणि नंतर बंदीपूरच्या जंगलात १९७६ ते १९७८ या काळात तळ ठोकून राहिलेले ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कोळसुंद्याकडे हीच दृष्टी वळवली. टोळीतील एखादीच मादी बहुधा विते. बाकीचे तिला आणि तिच्या पिल्लांना पोटातले मांस ओकून भरवतात. काही जण शिकारीला न जाता बिळाशी पहारा करतात. आणि पिल्ले चालती झाली म्हणजे ताज्या सावजावर पहिला हक्क त्यांचा असतो, मोठी माणसे, म्हणजे मोठे कोळसुंदे, बाजूला थांबतात.

क्रौर्याच्या मूळ आरोपाचे काय, असा प्रश्न उरतोच, आणि तो चुकवू नये. उन्हाळ्याच्या तोंडी नागझिऱ्याच्या तळ्यात एक सांबरी पोटापर्यंत पाण्यात उभी होती आणि काठावर कोळसुंदे बसले होते. तिच्या मागच्या मांडीचे कातडे लोंबत होते, पाणी तेवढ्यापुरते तांबडे झाले होते. त्यांना घाई नव्हती. एक जण मधून शीळ घाली, पलीकडच्या बांबूतून तशीच शीळ येई, आणि सांबरी पाण्यातल्या पाण्यात तोंड फिरवी. गाडीतील एका बाईंना ते बघवेना. “अहो, कुणी सोडवत का नाही तिला?” असे त्यांनी विचारले, तेव्हा वाटाड्या पोरगा म्हणाला, “बाई, त्यायचेबी पिल्ले आहेत ना.” दृश्य भयानक होते, हे मी नाकारत नाही, ज्याला त्यात सौंदर्य दिसते त्याच्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही. परंतु त्या भयानकपणाचे कारण शरीरात आहे, स्वभावात नाही. वाघ दोनशे किलोच्या वर वजन असलेल्या देहाचा भार टाकून गळा धरू शकतो. वीस किलोच्या प्राण्याच्या जबड्यात ते बळ नाही. अनेक तोंडांनी फाडणे आणि रक्तस्रावाने सावज पाडणे, हा त्याला उपलब्ध असलेला एकच मार्ग आहे, आणि भराभर खाणे त्याला भाग आहे, कारण वाघ, बिबळ्या किंवा माणूस येऊन ते केव्हा हिरावून घेईल याचा नेम नाही. वाघाने गळा धरल्यावरही सांबर तत्काळ मरते असे नाही. फक्त ते शांतपणे गुदमरते, आणि पाहणाऱ्याला शांतता ही दयेसारखी वाटते.

हरणे संपवतो म्हणून त्याला ठार करावे, हा दुसरा आरोपही असाच ढासळला. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी नागरहोळेत केलेल्या अभ्यासात, जो १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला, वाघाचा कल १७६ किलोंहून अधिक वजनाच्या आणि बिबळ्या व कोळसुंद्याचा कल ३० ते १७५ किलो वजनाच्या सावजाकडे आढळला. म्हणजे एकाच रानात तिघांचीही पंगत उठते आणि तरी हरणे उरतात. शतकानुशतके उरलीच होती.

आता नवी कीर्ती तयार होत आहे, आणि तिच्याविषयीही मी थोडा साशंक आहे. कालचा भेकड मारेकरी आज आदर्श एकत्र कुटुंबाचा नमुना म्हणून छायाचित्रांखाली मिरवू लागला आहे. पिल्लांना आधी जेवू घालणारा म्हणून आपण त्याला शाबासकी देतो. हे कौतुक किपलिंगच्या निंदेइतकेच मानवी आहे. कोळसुंद्याला आपली शाबासकी नको आहे. त्याला हरणे हवीत, बिळासाठी निवांत जागा हवी.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याच्यावरील इनामे बंद झाली आणि तो संरक्षित ठरला. तरीही २०१५ च्या जागतिक मूल्यांकनानुसार त्याच्या सर्व मुलखांत मिळून प्रजननक्षम कोळसुंदे ९४९ ते २,२१५ एवढेच उरले आहेत. जंगलांचे तुकडे होणे आणि सावजाचा तुटवडा ही त्याची प्रमुख कारणे, आणि त्यांत गावकुत्र्यांकडून येणाऱ्या रोगांची भर. जंगलांचे तुकडे जोडणे वाचकाच्या एकट्याच्या हाती नाही. परंतु ज्याच्या दारी कुत्रा आहे आणि ज्याचे दार ताडोबा, पेंच, नागझिरा किंवा कोयनेच्या रानाला लागून आहे, त्याने, आणि त्या रानांच्या कडेला पर्यटकांसाठी निवास चालवणाऱ्यांनी तर अवश्य, आपल्या कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपर यांच्या लसी वेळच्या वेळी टोचून घ्याव्यात.