चाहत्याची साक्ष

२८ सप्टेंबर २०२५ रोजी जेद्दाच्या अल-इत्तिहाद क्लबने प्रशिक्षक लोराँ ब्लाँ यांना नारळ दिला. चारच महिन्यांपूर्वी याच ब्लाँ यांच्या हाताखाली संघाने सौदी लीग आणि किंग्ज कप ही दोन्ही विजेतेपदे मिळवली होती. नव्या मोसमातले लीगचे पहिले तिन्ही सामने संघाने जिंकले, चौथ्यात रियाधच्या अल-नस्रकडून ०-२ अशी हार पत्करली, आणि दोन दिवसांत सगळे संपले. त्यावर आपल्याकडे आणि युरोपातही जी चर्चा झाली तिचा सूर साधारण एकच होता: यांच्याकडे पैसा आहे, धीर नाही, सौदी प्रेक्षकाला दर आठवड्याला करंडक हवा असतो. मला हे म्हणणे उथळ वाटते. उथळ असूनही ते इतक्या सहज मान्य होते, म्हणून त्याच्याशी भांडले पाहिजे.

ब्लाँ यांना चाहत्यांनी काढले नाही, इथून सुरुवात करावी लागते. जून २०२३ मध्ये इत्तिहाद, अल-अहली, अल-हिलाल आणि अल-नस्र या चार क्लबांची ७५ टक्के मालकी सौदी सरकारच्या पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंडाने घेतली. त्याआधी राजघराण्यातल्या आणि व्यापारी घराण्यांतल्या आश्रयदात्यांच्या पैशावर क्लब चालत. प्रशिक्षकाची मधेच उचलबांगडी करण्याची रीत त्या जुन्या काळातलीच आहे. १९९८च्या विश्वचषकात राष्ट्रीय संघ पहिले दोन सामने हरला आणि तिसऱ्याआधीच कार्लोस अल्बेर्तो परेरा यांना निरोप मिळाला. हेच परेरा चार वर्षांपूर्वी ब्राझीलला विश्वविजेतेपद मिळवून देणारे. २०००च्या आशिया चषकात जपानकडून पहिला सामना १-४ हरल्यावर मिलान माचाला गेले. हे निर्णय बंद दारांआड झाले. मैदानात बसलेल्या माणसाला त्यात ना मत होते, ना माहिती. तरीही अधीरतेचा ठपका मात्र त्याच्यावर येतो.

धीराच्या शिकवणीमागे बहुतेक वेळा एकच उदाहरण उभे असते. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेडला आले, तीन वर्षांनी त्यांना काढा म्हणून प्रेक्षकांनी फलक धरले, क्लब ठाम राहिला, १९९३ मध्ये लीग आली आणि पुढच्या वीस वर्षांत एकूण तेरा वेळा आली. हे सगळे खरे आहे. पण या गोष्टीतून जो धडा काढला जातो तो गोष्टीत नाही. ज्या क्लबांनी धीर धरला आणि बुडाले, त्यांच्या कहाण्या कोणी सांगत नाही, कारण त्यांतून धडा निघत नाही. यशस्वी माणसाचा भूतकाळ पाहून धीराला श्रेय देणे ही मागून शहाणपण जोडण्याची पद्धत आहे. फर्ग्युसन यांना १९९० मध्ये काढले असते तर त्या जागी आलेल्या माणसाने काय केले असते, हे कोणालाच सांगता येणार नाही.

सौदी फुटबॉलपुरते बोलायचे तर हा सिद्धांत एका क्लबपाशी येऊन मोडतो. अल-हिलालने २०१७-१८च्या मोसमात रामोन दियास यांना फेब्रुवारीत काढले आणि हुआन ब्राउन यांच्या हाताखाली लीग जिंकली. २०२०-२१ मध्ये फेब्रुवारीतच रझ्वान लुचेस्कू गेले. त्यांनी २०१९ची आशियाई चॅम्पियन्स लीग आणि त्यानंतर देशातले दुहेरी यश मिळवून दिले होते. मोसम संपवला जोसे मोराइस यांनी, तोही विजेतेपदाने. पुढच्याच वर्षी लिओनार्दो जार्दिम यांना पुन्हा फेब्रुवारीतच घालवण्यात आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी हिलालला आशियाचे अजिंक्यपद मिळवून दिले होते, त्याला तीन महिनेही झाले नव्हते. त्यांच्या जागी पूर्वी काढलेले दियासच परत आले आणि लीगमध्ये मागे पडलेल्या संघाने शेवटच्या दिवशी इत्तिहादला मागे टाकले. पाच मोसमांत चारदा मध्यावर प्रशिक्षक बदलला आणि त्यांपैकी या तीन वेळा लीग हिलालची झाली. धीर हाच यशाचा पाया असेल तर या तीन करंडकांचे काय करायचे?

मधेच बदल करणे चांगले, असे मी यातून सिद्ध करत नाही. २०२१-२२ मध्ये अल-अहलीनेही बेस्निक हासी यांना मधेच बदलले, आणि १९३७ साली स्थापन झालेला हा क्लब इतिहासात पहिल्यांदा खालच्या श्रेणीत गेला. त्याच मोसमात, तोच उपाय हिलालला शिखरावर घेऊन गेला होता. माझे म्हणणे एवढेच की बदलाचा किंवा स्थैर्याचा कोणताही नियम या खेळाने आपल्याला दिलेला नाही, आणि जो नियम अस्तित्वातच नाही तो मोडल्याबद्दल चाहत्याला दोषी ठरवता येत नाही.

शिवाय स्थैर्य म्हणजे बाकावर तोच माणूस बसलेला असणे, ही समजूतच अपुरी आहे. नूनो एस्पिरितो सांतो यांनी २०२२-२३ मध्ये इत्तिहादला २००९ नंतरची पहिली लीग मिळवून दिली. तीस सामन्यांत त्या संघाने फक्त १३ गोल स्वीकारले होते. बचाव हीच त्याची ओळख होती. त्याच उन्हाळ्यात करीम बेन्झेमा, एन्गोलो काँते, फाबिन्यो आले. प्रशिक्षक तोच राहिला आणि संघ दुसराच झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नूनो गेले, मार्सेलो गायार्दो आले आणि मोसम पाचव्या क्रमांकावर संपला. जी वीण चाहत्यांच्या डोळ्यांसमोर घट्ट झाली होती ती जुलै-ऑगस्टमध्येच उसवली होती. नोव्हेंबरमध्ये फक्त त्याची घोषणा झाली. धीराचा उपदेश करणाऱ्यांनी त्या उन्हाळ्यात तोंड उघडले नाही, कारण मोठ्या नावांच्या खरेदीला कोणी अधीरता म्हणत नाही.

संख्याशास्त्राचे अभ्यासक सांगतात की वाईट काळानंतर निकाल तसेही सुधारतात, नवा माणूस आला काय आणि न आला काय. असेल, पण त्यांचा विषय संघाचे गुण आहे आणि माझा चाहता. सौदी फुटबॉल हा राजसत्तेची प्रतिमा उजळण्याचा उद्योग आहे, असेही म्हटले जाते. तो आक्षेप गंभीर आहे, पण १९२७ सालच्या इत्तिहादवर तीन पिढ्या जीव लावणारे जेद्दाचे घर त्याने खोटे ठरत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. प्रशिक्षक बदलतो तेव्हा चाहते जे बोलतात त्याला आपण निवाडा समजतो, आणि पुढे लागलेल्या निकालावरून तो बरोबर की चूक ते ठरवतो. ते बोलणे मुळात साक्ष असते. निवाडा देणाऱ्याला भविष्याची जबाबदारी घ्यावी लागते; साक्षीदाराने आजवर काय पाहिले तेवढेच सांगायचे असते. उद्या काय झाले यावरून निवाडा चुकला असे म्हणता येईल. साक्ष चुकली असे म्हणायचे तर त्या माणसाने जे पाहिल्याचे सांगितले ते घडलेच नव्हते, हे दाखवावे लागेल.

हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे काय होते ते गोव्यात दिसले आहे. जानेवारी २०२०च्या अखेरीस एफसी गोवा गुणतक्त्यात अव्वल होता आणि साखळीचे शेवटचे मोजके सामने उरले होते, तेव्हा सर्जिओ लोबेरा यांना दूर करण्यात आले. फातोर्ड्याच्या मैदानावर नेमाने जाणाऱ्यांना धक्का बसला, आणि तो बसणारच होता. तीन मोसम त्यांनी त्या संघाचा आक्रमक, चेंडू आपल्याकडे ठेवणारा खेळ पाहिला होता. क्लिफर्ड मिरांडा यांनी सूत्रे घेतली, फेब्रुवारीत जमशेदपूरला ५-० असे हरवून गोव्याने लीग शील्ड जिंकली आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब ठरला. मग ज्यांना वाईट वाटले ते चुकले का? पुढच्याच मोसमात लोबेरा मुंबई सिटीला शील्ड आणि करंडक ही दोन्ही विजेतेपदे देऊन गेले. मग तेच चाहते बरोबर ठरले का? एकाच भावनेला वर्षभरात दोनदा खोटे-खरे ठरवणारे माप निरुपयोगी आहे.

मुंबईचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईत मुंबई सिटी आणि अल-हिलाल समोरासमोर आले, हिलाल २-० जिंकला. काही दिवसांतच मुंबईचे प्रशिक्षक डेस बकिंगहॅम स्वतःहून ऑक्सफर्ड युनायटेडला निघून गेले. चाहते हळहळले. पुढे पीटर क्रॅटकी यांच्या हाताखाली मुंबईने ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून करंडक जिंकला, तेव्हा ‘तुमची हळहळ चुकीची होती’ असे चाहत्यांना कोणी सुनावले नाही. प्रशिक्षक स्वतः जातो तेव्हा चाहत्याच्या भावनेला आपण भावना म्हणून मान देतो. त्याला काढले जाते, किंवा चाहतेच त्याला काढा म्हणतात, तेव्हा त्याच भावनेकडे करंडकाचा पुरावा मागतो.

साक्षीलाही पथ्ये असतात. एप्रिल २०२४ मध्ये अबू धाबीत सौदी सुपर कपचा अंतिम सामना इत्तिहाद हरला, त्यानंतर एका प्रेक्षकाने इत्तिहादच्या अब्दुर्रझाक हमदल्लाहवर चाबूक चालवला. ती साक्ष नव्हे, तो गुन्हा आहे, आणि कोणत्याही प्रेमाच्या नावाने त्याचे समर्थन होऊ शकत नाही. दुसरे पथ्य सूक्ष्म आहे. ज्याने खेळ पाहिलाच नाही, फक्त गुणफलक वाचला, त्याच्या रागात सांगण्यासारखे काही नसते. सौदी स्त्रियांना स्टेडियममध्ये बसून सामना पाहायला मिळाला तो १२ जानेवारी २०१८ रोजी, जेद्दात, अल-अहलीच्याच सामन्याला. तोवर दूरचित्रवाणीवर क्लब जपलेल्या त्या बायकांचे पाहणे कमी प्रतीचे होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. अट मैदानात असण्याची नाही. लक्ष देऊन पाहिलेले असण्याची आहे.

आणि म्हणून मला अल-अहलीचे चाहते सर्वांत महत्त्वाचे वाटतात. खालच्या श्रेणीतले ते वर्ष त्यांनी सोसले. पित्सो मोसिमाने यांनी संघ वर आणला आणि लगेच, २०२३च्या उन्हाळ्यात, ते गेले. त्यांच्या जागी ३५ वर्षांचे मातियास यायस्ले आले, आणि मोसम तोंडावर असताना नव्या मालकीने विकत घेतलेले खेळाडूही. २०२४च्या उत्तरार्धात यायस्ले यांना काढा अशी ओरड होती. क्लबने काढले नाही. २९ एप्रिल २०२५ रोजी अहलीने आशियाई स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात हिलालला ३-१ हरवले, त्या पराभवानंतर काही दिवसांतच हिलालचे जॉर्ज जेझुस गेले, ज्यांनी आदल्या मोसमात सलग ३४ विजयांचा जागतिक विक्रम केला होता. ३ मे रोजी कावासाकी फ्रंटेलविरुद्ध २-० असा विजय मिळवून अहली आशियाचा विजेता झाला. तेव्हापासून हे उदाहरण धीरवाद्यांचे आवडते आहे: पाहा, चाहत्यांचे ऐकले असते तर काय झाले असते!

पण त्याच मोसमात अहली लीगमध्ये पाचव्या स्थानावर राहिला, याचा उल्लेख होत नाही. चाहते जे पाहत होते ते खरोखर घडत होते. आघाडी घेऊन गमावलेले सामने, दुबळ्या संघांपुढे अडखळणे, हे त्यांनी कल्पनेतून रचले नव्हते. आशियाई करंडक आला म्हणून ते सामने जिंकलेले होत नाहीत. २०२४ मध्ये यायस्ले यांच्याविरुद्ध बोललेला आणि ३ मेच्या रात्री किंग अब्दुल्ला स्पोर्ट्स सिटीत त्यांच्यासाठी घसा बसेपर्यंत ओरडलेला माणूस एकच असेल, तर त्याने दोन्ही वेळा खरेच सांगितले.

ऐकणारे कोणी आहे का, हा प्रश्न उरतो, आणि तो सौदीपुरता नाही. जर्मनीत बहुतेक क्लबांत सभासदांच्या हाती निम्म्याहून अधिक मते असतात. तिथे साक्षीला निदान सभागृह आहे. जेद्दात ७५ टक्के फंडाकडे गेले. मुंबई सिटीचा ६५ टक्के वाटा २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने घेतला, म्हणजे बऱ्याच अंशी अबू धाबीच्या पैशाने. नवी मुंबईत त्या संध्याकाळी समोरासमोर बसलेल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना त्यांच्या क्लबने प्रशिक्षकाबद्दल कधीही काही विचारलेले नव्हते.