घोडा आणि स्वार

भायखळ्यास राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयाच्या आवारात गेले असता एक ओतीव घोडा व त्यावर ताठ बसलेला राजपुत्र दृष्टीस पडतो. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर आलेल्या या राजपुत्राने १८७५ साली मुंबईस भेट दिली, तिच्या स्मरणार्थ अल्बर्ट ससून यांनी पदरच्या पैशाने हा पुतळा करविला. १८७९ मध्ये तो फोर्टात उभा राहिला आणि १९६५ मध्ये तेथून हलला. असा पुतळा हलविला म्हणजे इतिहासच पुसला, असा आक्षेप घेणाऱ्यांस माझा प्रतिप्रश्न एवढाच की, ऐन इंग्रजी अमलात ज्या रयतेने त्या जागेस राजाचे नाव न देता 'काळा घोडा' म्हटले, तिने स्वारास खाली उतरविण्यासाठी सरकारी हुकुमाची वाट कोठे पाहिली होती?

आपल्याकडे पार्थिव मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करतात, आणि उत्तरपूजेच्या अक्षता टाकून मूर्ती जागची किंचित हलविली की तिच्यातील देवत्व गेले असे मानतात. माती तीच, रंग तोच. मात्र तिला हात जोडण्याचे कारण उरत नाही, आणि विसर्जनाने गणपती पुसला गेला असे कोणी म्हणत नाही. चौकातील पुतळ्यासही चौथरा जे देतो ते इतिहास नव्हे, मान होय. आणि दिलेला मान परत घेण्याचा अधिकार देणाऱ्यांच्या वारसांस असलाच पाहिजे. (मान देताना आपल्या पूर्वजांस कोणी विचारले होते, हा प्रश्न तूर्त बाजूस ठेवू.) तो मानही काय रूप घेईल याचा नेम नसतो: एल्फिन्स्टन सर्कलमधील गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिसच्या पुतळ्यास लोक देव समजून फुले वाहू लागले होते!

परंतु विसर्जन वेगळे आणि भंजन वेगळे. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी मुखास डांबर फासले, तेव्हा त्या दगडावर राणीपेक्षा रयतेचा इतिहास अधिक ठसठशीत उमटला. तो पुतळा समुद्रात लोटला असता तर राणीबरोबर रयतेचा हा इतिहासही बुडाला असता. म्हणून १९६५ मध्ये कॉर्नवॉलिस व वेलस्ली या गव्हर्नर-जनरलांच्या पुतळ्यांची झालेली मोडतोड मला रुचत नाही. त्यांची उत्तरपूजा झालीच नाही. हलविलेल्या पुतळ्याच्या पायाशी तो कोणी, कोठे, कशासाठी उभा केला आणि का उचलला, याचा स्वच्छ दाखला असावा. एवढे केले की दप्तर पुरे झाले, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो.

२०१७ मध्ये काळ्या घोड्याच्या परिसरात स्वाराविना नवा घोडा उभारण्यात आला. मध्यंतरी तेथून जात असता बापाचे बोट धरलेला एक मुलगा त्याच्याकडे बघत थबकला आणि विचारू लागला, "बाबा, वर बसणारा कुठे गेला?"

बाप घाईत होता. "अजून बसायचाय," तो म्हणाला.