तेंच गांव, तोच माणूस

एखादें गांव ‘तेंच’ आहे असें आपण म्हणतों, तेव्हां नेमकें काय म्हणतों? पनवेलकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न टाळतां येत नाहीं. येथील नगरपालिका १८५२ सालची. तिची २०१६ सालीं महानगरपालिका झाली. कुलाबा जिल्ह्याचा १९८१ सालीं रायगड झाला. खाडींत गाळ सांचला व बंदराचा जुना व्यापार गेला. अलीकडे तर उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळविला, दहा गांवें उठविलीं, आणि सुमारें ११६० हेक्टरांवर विमानतळ उभा राहिला. २०२५ च्या ऑक्टोबरांत त्याचें उद्घाटन झालें. मग कायम राहिलें तें काय? नुसतें नांव?

भिक्षु नागसेनानें यवन राजा मिलिंद यास जवळजवळ हेंच उत्तर दिलें होतें. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे. त्यांच्या जुळणीस व्यवहारापुरतें दिलेलें नांव तो रथ. ‘मी’ हाहि तसाच. हें मत आम्हांस बव्हंशीं ग्राह्य वाटतें. परंतु त्याचा एक विपरीत उपयोग वारंवार कानीं येतो. जमीन गेलेल्या शेतकऱ्यास कोणी शहाणा सांगतो, “बदल हा सृष्टीचा नियमच आहे, गांवाचें काय घेऊन बसलांत?” स्वतःचें घर सोडतांना असें म्हणणाऱ्यास आम्ही विरक्त म्हणूं, दुसऱ्याचें घर पाडतांना म्हणणाऱ्यास काय म्हणावें, तें वाचकांनींच ठरवावें.

नागसेनास ही पळवाट ठाऊक होती. त्याच ‘मिलिंदप्रश्नां’त आंबेचोराचा दृष्टांत आहे. चोर म्हणतो, मालकानें लावले ते आंबे निराळे आणि मीं नेले ते निराळे. मग मी अपराधी कसा? तरी तो दंडास पात्रच ठरतो, कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच निपजले. वस्तु क्षणोक्षणीं पालटते म्हणून देणें पालटत नाहीं.

येथें श्रद्धेचा प्रश्न येतो. श्रद्धा म्हणजे अपुरें ज्ञान, असें सुशिक्षितांस वाटतें. पण शेजारच्या पेणेस गणपतीच्या मूर्ति घडतांना पाहणाऱ्यास ती माती आहे हें का कळत नाहीं? तीच मूर्ति प्राणप्रतिष्ठेनंतर देव होते, उत्तरपूजेनंतर पाण्यांत जाते, आणि पुढील वर्षीं निराळ्या मातीचा गणपति घरीं आला तरी ‘हा तोच का?’ असें कोणी विचारीत नाहीं. ही श्रद्धा मातीविषयींचें मत नव्हे; ती संबंध राखण्याचा निश्चय होय. मनुष्याचें ‘मीपण’हि आम्हांस असेंच वाटतें: कालचा शब्द आज आपला मानणें. मात्र गणपतीस निरोप द्यावयाचा तो ज्यानें आणला त्यानेंच. विसर्जन अनित्यच, तरी तें परक्याच्या हातून होत नाहीं. त्या दहा गांवांची उत्तरपूजा कोणी केली?

वडघर-करंजाड्यास किंवा पुष्पकनगरास राहावयास गेलेला एखादा वृद्ध आजहि जुन्याच गांवाचें नांव सांगेल, तर त्यास भाबडा म्हणण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचें वचन त्या गांवच्या माणसास दिलेलें होतें. आणि भूखंड घेण्यास आलेला माणूस तोच आहे, हें वचन देणाऱ्यांच्या कागदांनींहि गृहीतच धरलें आहे.