टक्केवारीचा छेद

एखादी शिक्षणसंस्था कशी आहे असे कोणी विचारले, की आपण तिचा निकाल सांगतो. शासकीय सेवेत अनुदानाचे जे प्रस्ताव माझ्या मेजावरून गेले, त्यांतही निकालाचा रकाना सर्वांत ठळक अक्षरांत भरलेला असे. त्या रकान्याने नेमके काय सिद्ध होते, हा प्रश्न अमेरिकेतील परिचारिका-शिक्षणाकडे पाहताना अधिक बोचरा होतो; कारण तेथे प्रश्न रुग्णाच्या प्राणांचा आहे.

त्या देशात तंत्रमहाविद्यालयांतून सुमारे दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी घेऊन परिचारिका होता येते. मिल्ड्रेड मोंटाग यांनी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी तिचा प्रयोग सुरू झाला. अशा तंत्रकुशल परिचारिकांनी अधिक शिकलेल्या परिचारिकांच्या देखरेखीखाली काम करावे, ही मूळ योजना. प्रत्यक्षात दोन वर्षे शिकलेली आणि चार वर्षे शिकलेली, दोघी परवान्यासाठी एनक्लेक्स-आरएन ही एकच परीक्षा देतात. प्रथम प्रयत्नात किती उत्तीर्ण झाल्या, यावर महाविद्यालयाची पत ठरते. प्रमाण फार घसरले तर मान्यताच धोक्यात येते.

आता समजा, एका महाविद्यालयाने चाळीस जणींना प्रवेश दिला. वीस जणींनी अभ्यासक्रम पुरा केला व एकोणीस उत्तीर्ण झाल्या. निकाल पंचाण्णव टक्के! दुसऱ्यानेही चाळीसच घेतल्या, चौतीस शेवटपर्यंत टिकवल्या, एकोणतीस उत्तीर्ण झाल्या. निकाल पंचाऐंशी. पहिले महाविद्यालय श्रेष्ठ ठरते. पण परिचारिका दुसऱ्याने दहा अधिक दिल्या. सारी किमया छेदाची आहे. दुर्बल विद्यार्थिनीला परीक्षेपूर्वीच गाळले की टक्केवारी आपोआप चढते. येथे येणाऱ्या अनेकजणी नोकरी आणि मुले सांभाळून शिकणाऱ्या. गळती झाली की फी गेलेली असते, कर्ज मात्र उरते.

तथापि करुणेपोटी परीक्षा सैल करावी, असे मी म्हणणार नाही. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००३ साली पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जेथे चार वर्षांची पदवी असलेल्या परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक, तेथे शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा दाखल झाल्यापासून तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव सुमारे पाच टक्क्यांनी कमी आढळला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तरी तो नजरेआड करता येत नाही. औषधाची मात्रा चुकली तर परिचारिकेच्या घरची अडचण रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून माझ्या मते दार रुंद असावे आणि शेवटची चाळणी बारीक. संस्थेची खरी पारख या दोहोंच्या मधल्या काळात होते. मागे पडणाऱ्या मुलीला कोणी शिकवले? रुग्णशय्येपाशी एका शिक्षिकेमागे किती विद्यार्थिनी होत्या? न झेपणारीला पहिल्याच सत्रात स्पष्ट सांगितले, की शेवटच्या सत्राची फी घेऊन मग?

सोडून गेलेल्या प्रत्येकीचा दोष संस्थेवर टाकता येणार नाही; कोणाचे मूल आजारी पडते, कोणाला रात्रपाळी सोडवत नाही. त्या वीस जणींची कारणे एकेक करून विचारावी लागतील, आणि त्या कामासाठी छापील रकाना सहसा नसतो.