अनागतविधाता

सापाने डसलेले बोट विष अंगात भिनण्यापूर्वी छाटून टाकावे, हा न्याय आपल्याकडे फार जुना असून त्याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. अवयव प्रिय खरा, परंतु प्राण त्याहून प्रिय. पण साप अजून डसलेलाच नाही, तो बिळातून बाहेर येईल की नाही हेही ठाऊक नाही, आणि बोट तर सर्वस्वी निरोगी आहे, अशा वेळी ते छाटावे काय? गेल्या तीस वर्षांत वैद्यकशास्त्राने हा प्रश्न कित्येक निरोगी स्त्रियांपुढे अक्षरशः उभा केला आहे.

स्तनाचा कर्करोग काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या का आढळतो, याचा शोध घेताना मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन विदुषीने १९९० साली त्याचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखविले. १९९४ साली ते जनुक प्रत्यक्ष हाती लागले व त्यास बी.आर.सी.ए.-१ असे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी दुसरे, म्हणजे बी.आर.सी.ए.-२, सापडले. पेशीतील जनुकद्रव्याची मोडतोड दुरुस्त करणे हे या दोहोंचे काम. त्यांत दोष असला म्हणजे ही दुरुस्ती नीट होत नाही. हा दोष आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो, आणि अपत्याकडे जाण्याचा संभव निम्मा असतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे पहिल्या जनुकात दोष असलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७२ व दुसऱ्यात दोष असलेल्यांपैकी शेकडा ६९ जणींस वयाच्या ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. बीजांडकोशाच्या कर्करोगाचे हेच प्रमाण अनुक्रमे ४४ व १७ आहे. दोन्ही स्तन आधीच काढून टाकले तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका शेकडा ९० किंवा त्याहूनही अधिक कमी होतो. अमेरिकन नटी अँजेलिना जोली हिने असे केल्याचे मे २०१३ मध्ये स्वतः लेख लिहून जाहीर केले, तेव्हा हा विषय जगभर सर्वतोमुखी झाला. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेली होती. २०१५ साली तिने बीजांडकोशही काढून घेतले.

हा उपाय काही फुकटचा नव्हे. स्तन गेले की तेथील संवेदना व मुलास अंगावर पाजण्याची शक्ती जाते; बीजांडकोश गेले की ऋतुनिवृत्ती एकाएकी येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि मातृत्वाचा नैसर्गिक मार्ग बंद होतो. एवढी किंमत देऊन जे विकत घ्यावयाचे, ते केवळ एका संभवाचे कमी होणे होय!

येथेच विचाराची खरी अडचण सुरू होते. शेकडा ७२ हा आकडा शंभर स्त्रियांविषयी पुष्कळ सांगतो. समोर बसलेल्या एका स्त्रीविषयी मात्र फार थोडे सांगतो. तिला रोग शेकडा ७२ व्हावयाचा नसतो. तो पुरता व्हावयाचा असतो किंवा मुळीच व्हावयाचा नसतो. अशा शंभर जणींनी शस्त्रक्रिया करून घेतली तर सुमारे अठ्ठावीस जणींनी ती निष्कारण करून घेतली असे होईल. पण त्या कोणत्या, हे ना त्यांस कळणार, ना त्यांच्या डॉक्टरांस. जी पुढे निरोगी राहिली, ती शस्त्रामुळे वाचली की रोग तिच्या वाट्याला नव्हताच, हे सांगणारा या जगात कोणी नाही.

पंचतंत्रातील तीन माशांची गोष्ट वाचकांस ठाऊक असेलच. कोळी येणार असे ऐकताच अनागतविधाता तळे सोडून गेला. प्रत्युत्पन्नमती जाळ्यात सापडल्यावर मेल्याचे सोंग करून निसटला. आणि जे व्हावयाचे ते होईल म्हणणारा यद्भविष्य प्राणास मुकला. गोष्टीचे तात्पर्य पहिल्या माशाच्या बाजूचे आहे, कारण गोष्टीत कोळी खरोखरच येतात. ते आलेच नसते तर? घरदार सोडून गेलेला अनागतविधाता भित्रा ठरला असता आणि यद्भविष्यास आपण स्थितप्रज्ञ म्हटले असते. तिघांचीही बुद्धी होती तशीच राहून आपला निकाल मात्र फिरला असता. याचा अर्थ एवढाच की, परिणामावरून निर्णयाची परीक्षा करण्याची आपली जी सवय आहे, ती मुळातच सदोष आहे.

आमच्या या प्रश्नातही हे तिन्ही मासे आहेत. वारंवार तपासणी करवीत राहून रोग दिसताच त्यावर तुटून पडणारी स्त्री ही प्रत्युत्पन्नमती. स्तनांच्या बाबतीत हा मार्ग मोकळा आहे. बीजांडकोशाच्या बाबतीत रोग वेळीच पकडील अशी भरवशाची तपासणी नसल्यामुळे तो मार्ग जवळजवळ बंद आहे, आणि म्हणूनच मुले झाल्यानंतर, चाळिशीच्या सुमारास, बीजांडकोश काढण्याचा सल्ला डॉक्टर अधिक आग्रहाने देतात. जनुकाची परीक्षाच नको म्हणणाऱ्या यद्भविष्य स्त्रियाही थोड्या नाहीत. ज्या ज्ञानाने झोप उडेल ते नको असे म्हणणे मूर्खपणाचे असतेच असे आम्हांस वाटत नाही.

मग हा निर्णय होतो तरी कशाच्या बळावर? केवळ आकड्यांच्या बळावर होत असता, तर सारख्या आकड्यांस सारखे उत्तर मिळाले असते. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या नऊ देशांच्या पाहणीत असे दिसले की, जनुकात दोष असून कर्करोग न झालेल्या अमेरिकन स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ३६ जणींनी स्तन काढून घेतले होते. पोलंडमध्ये हेच प्रमाण शेकडा ३ च्या आसपास होते. दोष तोच, रोग तोच. मग फरक पडला तो डॉक्टरांच्या प्रवृत्तीने, खर्चाच्या सोयीने आणि भोवतालच्या समाजाच्या समजुतीने. त्यात आईचे किंवा बहिणीचे मरण जिने उशाशी बसून पाहिले, तिच्या दृष्टीने तो आकडा आकडा राहतच नाही. त्याला एक चेहरा येतो. हे अनुभवाचे ज्ञान तुच्छ नव्हे. मात्र भीतीलाच ज्ञान समजण्याची चूक तेथे सहज होते.

यावर आमचे मत असे. ज्या निर्णयाचे फळ कधीच उघड व्हावयाचे नाही, त्याची योग्यायोग्यता तो ज्या रीतीने घेतला गेला त्या रीतीतच शोधली पाहिजे. धोका खरोखर किती, तो कोणत्या वयात वाढतो, शस्त्राने काय वाचते व काय जाते, हे तिने शांतपणे समजून घेतले काय? स्वतःला काय अधिक मोलाचे वाटते, हे तिने स्वतःच्याच मनाला विचारले काय? आणि शेवटचा शब्द तिचाच होता काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर तिने शस्त्र पत्करले काय किंवा नाकारले काय, दोन्ही निर्णय आम्ही योग्यच म्हणू.

तिसऱ्या प्रश्नावर आम्ही विशेष भर देतो, कारण आपल्या घरांत तोच बहुधा गाळला जातो. मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी अशा कुटुंबांस तपासणीची व सल्ल्याची सोय आहे; पण सल्ला घेऊन घरी आल्यावर बोलतात ते नवरा, सासू, दीर. मुलीच्या लग्नास बाधा येईल म्हणून दोष लपविला जातो, आणि ज्या बहिणीस सावध करावयाचे तिलाच अंधारात ठेवले जाते. जिच्या देहावर शस्त्र चालावयाचे तिचे मत सर्वांच्या शेवटी, तेही विचारलेच तर विचारले जाते. प्रेमाने का होईना, हा अन्यायच आहे. आप्तांनी तिला माहिती मिळवून द्यावी, खर्चाची चिंता वाहावी, तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे. परंतु तिच्या वतीने धीट किंवा भित्रे होण्याचा अधिकार त्यांस नाही. कोळी येणार की नाही हे कोणासच ठाऊक नसता, पाण्यात राहावे की पाणी सोडावे हे त्या माशालाच ठरवू द्यावे.