पाहणारा आणि राखणदार



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील एका तरुणाने उपग्रहातून टिपलेली वसईची दोन चित्रे आम्हाला संगणकावर दाखवली. एक जुने, एक अलीकडचे. खाडीकाठच्या तिवरांच्या गर्द पट्टीत नव्या चित्रात एके ठिकाणी करडा चौकोन होता. त्याने विचारले, "फादर, हे कधी झाले?"

आम्हाला उत्तर माहीत होते. आजारी माणसांना कम्युनियन देण्यासाठी आम्ही त्याच रस्त्याने स्कूटरवरून जात असू. राडारोड्याचे डंपर तिथे रिकामे होताना आम्ही पाहिले होते. पाहिले, आणि पुढे गेलो.

तेव्हापासून एक प्रश्न आमची पाठ सोडत नाही. एखादी गोष्ट पाहिली, एवढ्यानेच माणूस तिला जबाबदार होतो का?

लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली आकाशात गेला. आज त्या मालिकेतील दोन उपग्रह मिळून दर ८ दिवसांनी पृथ्वीवरील तीच जागा पुन्हा टिपतात. निरोगी पान आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते, सुकणारे पान तो कमी फेकते. त्यामुळे झाड पडण्याआधीच ते गुदमरते आहे हे कळू शकते. तिवर मारायला कुऱ्हाड लागत नाही. बांध घालून भरतीचे पाणी अडवले की पुरे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभर तिवरांची तोड आणि त्यांच्यावर भराव टाकणे यांना मनाई केली, तेव्हा तिवरांचे नकाशे उपग्रहचित्रांवरून तयार करण्यासही सांगितले. हेतू हा, की 'इथे तिवरे नव्हतीच' असे कोणी म्हणू नये.

संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानाचा बारकाईने विचार केला आहे. जे कळणे शक्यच नव्हते, त्या अज्ञानाचा दोष नाही. पण जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि हाताशीही होते, ते निष्काळजीपणाने जाणून घेतले नाही, तर ते अज्ञान आपल्याला निर्दोष ठरवत नाही. उपग्रहाने नेमकी हीच पळवाट बंद केली आहे.

मात्र आकाशातल्या डोळ्यालाही मर्यादा आहेत. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालांत किमान १ हेक्टर जागेवर झाडांच्या छत्राची दाटी १० टक्क्यांहून अधिक असली की ते 'वनाच्छादन' धरले जाते. जमीन कोणाची, झाडे कोणती, हे त्यात पाहिले जात नाही. म्हणजे तुंगारेश्वराचे रान आणि नारळाची मोठी वाडी, दोन्ही त्या बेरजेत येऊ शकतात. शिवाय लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद जागा. आपल्या हिशेबाने सुमारे ९ गुंठे. आपली कित्येक बावखले त्याहून लहान! पावसाचे गोडे पाणी साठवून आजूबाजूच्या विहिरी जिवंत ठेवणारे बावखल एका रात्रीत बुजवले, तर त्या ठिपक्यात ते हरवून जाईल. ते दिसते फक्त शेजाऱ्याला.

आणि शेजाऱ्याचीच तर खरी अडचण आहे. बावखल बुजवणारा कोणी परका नसतो. तो आपल्या आळीतला असतो, रविवारी आपल्याच बाकावर बसतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाच्या भावंडांत वाटणी झालेली असते. त्याच्याविरुद्ध बोलणे म्हणजे नाते तोडणे, असे आपल्याला वाटते. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जण भरावावर उभ्या राहिलेल्या इमारतींत राहतात. मग दगड कोणी उचलायचा?

दगड उचलायचाच नाही. यहेज्केल संदेष्ट्याने सांगितलेला पहारेकरी आठवा. शत्रू येताना दिसला, तरी त्याने तुतारी फुंकली नाही, तर सांडलेल्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागतो. त्याच्यावर शिक्षा करण्याचे काम सोपवलेले नव्हते. वेळेत सावध करण्याचे काम होते. भराव टाकायच्या आधी शेजाऱ्याच्या ओटीवर जाऊन बसणे, त्याची नड विचारणे, शक्य असेल तर दुसरी वाट शोधून देणे, हीसुद्धा तुतारीच आहे. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात दिवसेंदिवस पाणी तुंबले, तेव्हा त्या पाण्याने कोणाचेही सातबारे तपासले नाहीत.

नुसते पाहतो तो प्रेक्षक. पाहून बोलतो तो राखणदार. आम्ही उशिरा का होईना, त्या करड्या चौकोनाबद्दल तहसील कार्यालयात लेखी अर्ज दिला आहे. तुम्ही एवढेच करा. तुमच्या आळीत पूर्वी किती बावखले होती ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, उरलेली मुलांना घेऊन मोजा, आणि ती यादी पुढच्या रविवारी मिस्सानंतर आमच्याकडे आणून द्या. ठिपक्यात न मावणाऱ्या गोष्टी आपल्यालाच राखायच्या आहेत.