तिला कोणी विचारले?

शास्ते या पुस्तकाचा १९ वा अध्याय आपल्या मंडळ्यांतून सहसा वाचला जात नाही. त्यावर उपदेश तर मी आजवर एकदाही ऐकलेला नाही. एका लेव्याची उपपत्नी गिबा गावी रात्रभर अत्याचाराला बळी पडते व सकाळी उंबरठ्यावर निश्चेष्ट आढळते. तो लेवी तिला घरी नेतो, तिच्या देहाचे १२ तुकडे करतो आणि ते इस्राएलाच्या सर्व प्रांतांत धाडतो. पाहणारे हादरून जातात. वृत्तवाहिन्यांनी हिंसेची खरीखुरी दृश्ये दाखवावीत काय, हा प्रश्न आजचा वाटतो. पवित्र शास्त्रात तो इतका जुना आहे.

दाखवावे असे म्हणणाऱ्यांची बाजू लेचीपेची नाही. १९५५ साली अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. शव शिकागोला आणल्यावर पेटीचे झाकण उघडेच राहावे असा आग्रह त्याच्या आईने, मेमी टिल यांनी धरला. आपल्या मुलाचे काय केले गेले ते जगाने पाहावे, अशी त्यांची इच्छा होती. हजारो लोकांनी ते पाहिले, 'जेट' साप्ताहिकाने छायाचित्रे छापली आणि नागरी हक्कांच्या चळवळीला त्यातून मोठे बळ मिळाले. झाकण बंद राहिले असते तर सभ्यतेच्या नावाखाली मारेकऱ्यांचीच सोय झाली असती.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण मणिपूरचे. ४ मे २०२३ रोजी तेथे कुकी-झो समाजातील स्त्रियांची जमावाने विवस्त्र धिंड काढली. १८ मे रोजी पोलिसांत तक्रार नोंदवली गेली. काय घडले ते तिच्यात शब्दांनी लिहिलेले होते. देश हलला नाही. १९ जुलैला चित्रफीत पसरली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पहिली अटक झाली. मग ती पसरली हे बरेच झाले नाही काय? या प्रश्नापाशी मी पुष्कळ दिवस अडून राहिलो, आणि आजही तो पुरता सुटला आहे असे म्हणवत नाही.

पण मेमी टिल आणि तो लेवी यांच्यात एक भेद आहे. त्या मातेने आपले दुःख आपल्या हातांनी उघडे केले. लेव्याने जिचा देह वाटला, तिला जिवंतपणी दाराबाहेर ढकलणारा तोच होता. आणि मिस्पा येथे सर्व इस्राएलापुढे हकीकत सांगताना नेमका तेवढाच भाग त्याने गाळला. दृश्य खरे असले तरी ते दाखवणारा खरा असतोच असे नाही. पुढे काय झाले? बन्यामीन वंश जवळजवळ नामशेष झाला आणि उरलेल्या ६०० पुरुषांसाठी याबेश-गिलाद व शिलो येथील मुली बळाने आणल्या गेल्या. एका स्त्रीवरील अत्याचाराचा सूड शेकडो स्त्रियांना भोवला. मणिपूरमध्येही मे महिन्याच्या त्याच दिवसांत दिल्लीतील एका खून झालेल्या तरुणीचे छायाचित्र स्थानिक घटनेचे म्हणून फिरवले गेले व त्याने संताप पेटवला, असे पुढे पडताळणीत उघड झाले.

शिवाय ती चित्रफीत घेतली कोणी? जमावातल्याच कोणीतरी. चित्रीकरण हा त्या अत्याचाराचाच एक भाग होता. लाज चव्हाट्यावर मांडणे हाच हेतू होता. चेहरे धूसर करून दाखवली तरी तो हेतू काही अंशी सफल होतोच, आणि गावातील माणसे ओळखायची ती ओळखतातच.

म्हणून माझे मत असे की, तपास करणाऱ्यांनी व न्यायाधीशांनी ती पाहावी. वाहिन्यांनी दाखवू नये. दाखवण्याचा अधिकार जिच्यावर बेतले तिचा, ती हयात नसेल तर तिच्या आप्तांचा. सामूहिक कत्तलीत विचारायला आप्तच उरत नाहीत, तेथे हा नियम अपुरा पडतो, हे मला मान्य आहे. माहिती व प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ रोजी वाहिन्यांना रक्त व मृतदेह दाखवण्याविषयी ताकीद दिली होती, आणि तिच्यात पीडितांच्या खासगीपणाचाही उल्लेख होता. आपल्या घरांतील चर्चा मात्र मुले घाबरतील की काय एवढ्यावरच थांबते.

नोहा मद्यधुंद होऊन उघडा पडला, ते हामने पाहिले व बाहेर येऊन भावांना सांगितले. शेम व याफेथ खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे आत गेले आणि त्यांनी बापाला झाकले. त्यांनी खात्री करून घेण्यासाठी वळून पाहिले नाही. कानांवर आलेला शब्द त्यांना हालचाल करण्यास पुरेसा झाला.

१८ मे ते १९ जुलै हे ६२ दिवस होतात. त्या काळात आमच्या मंडळीत मणिपूरसाठी प्रार्थना होत होत्या, जळालेल्या मंदिरांची नावे वाचली जात होती. स्त्रियांचे काय झाले, पोलिसांत कोणी काय लिहून दिले आहे, असे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.